सरळ खाचेची नळी

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही धड नाही. पण सोलापुरातल्या मिलच्या वर्कशॉपात मी वीस-बावीस वर्षं फिटर होतो. मिल बंद पडल्यावर अक्कलकोट रोडला पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा लेथ टाकला, आणि माझ्या हाताखालून गेलेलं काम कुठल्या इंजिनेरानं परत पाठवलंय असं एकदाही झालेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं एका इंजिनेर बाईची हकीकत आहे आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की म्हातारा शिकलेल्यांवर जळतो. जळत नाही. विश्वास ठेवत नाही, एवढंच.

दोन वर्षं खपून मी शाळू उपटायचं एक अवजार केलं. आमच्याकडं रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, कापत नाहीत, मुळासकट उपटतात. तोवर काळं रान वाळून दगड झालेलं असतं, बायकांचे तळहात सोलून निघतात, आणि आता त्या कामाला माणूस मिळत नाही. मंगळवेढ्याकडं आमचा थोडा तुकडा आहे, तिथं आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, जन्मभर हे काम केलं. तिच्या हाताकडं बघूनच मला सुचलं. ती शाळूचं ताट, म्हणजे धाट, धरते आणि ओढायच्या आधी मनगटाला जरासा पीळ देते. नुसतं ओढलं तर ताट मोडतं आणि मूळ रानातच राहतं. पिळून ओढलं की मूळ माती सोडतं.

माझं अवजार म्हणजे एक जाड नळी. तिच्या आत वर-खाली होणारा दांडा, दांड्याच्या तळाला ताट पकडणारा चिमटा. दांड्याला एक आडवी पिन आहे, ती नळीला पाडलेल्या खाचेतून सरकते. ही खाच मी तिरकी पाडली, जिन्यासारखी नळीभोवती वळत गेलेली. त्यामुळं उभ्यानं हँडल वर उचललं की चिमटा आपोआप पाव फेरा पिळतो, अगदी मंडळींच्या मनगटासारखा. सगळी अक्कल त्या खाचेत आहे. बाकीचं कोणीही करील. आता हे सरकारनंच छापलंय, म्हणून इथं लिहायला हरकत नाही. तेव्हा मी हे सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं.

कारण एकदा पोळलो होतो. सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्याला मी फळांनी वाकलेल्या फांद्यांखाली लावायचा घडीचा टेकू करून दिला होता. पुढच्याच बहारात तसलाच टेकू एका दुकानात लटकलेला, वर हिरवा रंग मारलेला. मी दुकानदाराला जाब विचारला तर म्हणतो कसा, "काका, तुमचा काळा हुता की."

त्यामुळं सून जेव्हा म्हणाली, "मामा, ह्याचं पेटंट करा," तेव्हा मी आधी तिच्याकडंच संशयानं बघितलं. ती शाळेत गणित शिकवते.

"माझ्या कॉलेजातली एक मैत्रीण आहे, ती हेच काम करते," ती म्हणाली. "आधी इंजिनिअर झाली, मग वकील."

"का? इंजिनेरकी जमली न्हाय म्हून?"

"मामा!"

"इचारतोय की. आन तुझी मैत्रीण. म्हंजे दोघी मिळून..."

"दोघी मिळून काय? तुमची नळी विकून बंगला बांधणार?"

मंडळी आतून ओरडली, "बांध बाई, आन मला बी एक खोली काढ त्यात. ह्यांच्या ग्रीसच्या वासानं जीव गेला माझा."

सात रस्त्याजवळ दुसऱ्या मजल्यावर त्या बाईचं ऑफिस. जिना अरुंद आणि चढ. वकील म्हणजे काळा कोट, लाल पुस्तकं, दारात बसलेले चार अशील असं माझ्या डोक्यात होतं. इथं तिशी-पस्तिशीची एक बाई, साधा ड्रेस, टेबलावर संगणक आणि त्याच्याजवळ व्हर्निअर. व्हर्निअर बघून मी सावध झालो. वकिलाला माप घ्यायचं हत्यार कशाला लागतंय?

"बाई, तुमी इंजिनेर का वकील?"

"दोन्ही, काका."

"आमच्यात म्हणत्यात, दोन घरचा पाहुणा उपाशी."

"मी उपाशी नाही, आत्ताच डबा खाल्लाय. तुम्ही चहा घेणार ना?"

मी चहाला नाही म्हणालो. खिशातून एक बोल्ट आणि एक नट काढून तिच्यापुढं ठेवला. "हे जरा बसवून दाखवा."

सुनेनं कपाळाला हात लावला. बाईनं मात्र दोन्ही उचलले, फिरवून बघितले नाहीत, नुसतं नखानं आटे चाचपले. "बोल्ट बारा एमएमचा आहे, नट चार सुती, म्हणजे अर्धा इंची. दोन आटे जातील आणि मग अडकेल. जोर केला तर दोन्ही वाया." मग माझ्याकडं बघून हसली. "माझे वडील लूमवर जॉबर होते, माग दुरुस्त करायचे. सुट्टीत मला असले नट निवडायला बसवायचे. पास झाले का मी?"

"बगू," मी म्हणालो.

खरं तर मी खूश व्हायला पाहिजे होतो. पण घरी जाताना रिक्षात उलटंच डोक्यात आलं. यंत्र न कळणाऱ्या वकिलानं माझी नळी चोरली तरी तो तिचं काय करणार? घरात उभी करून पूजा घालणार? हिला मात्र नुसती नजर टाकली की पुरे. ज्याला कळतंय त्यालाच चोरता येतंय. काम येत नसलेला वकील बिनकामाचा आणि काम येत असलेला धोक्याचा, अशी माझी पंचाईत झाली.

दुसऱ्या खेपेला तिनं तीन पानी कागद पुढं केला. त्यात तिनं लिहून दिलं होतं की माझं गुपित ती कुणाला सांगणार नाही.

"ह्यो कागद कुणी लिवला?"

"मीच."

"म्हंजे चोरानंच कुलूप आणून दिलं आन किल्ली बी त्याच्याकडंच."

"दुसऱ्या वकिलाकडून वाचून घ्या, काका. खुशाल घ्या."

दुसऱ्या वकिलाला तरी कोण ओळखतंय? मी सुनेकडून दोनदा वाचून घेतला आणि घडी घालून बनियनच्या खिशात ठेवला.

मग बाई म्हणाली की अर्ज होईपर्यंत अवजार चार लोकांत काढायचं नाही. एकदा सगळ्यांनी बघितलं की सरकारच्या लेखी ते नवं राहत नाही. शाळू फुलोऱ्यात होता, दीड-दोन महिन्यांत काढणी येणार होती, भावकीतले लोक नुसतं ऐकूनच अवजार कधी देतोस म्हणून विचारत होते, आणि ही म्हणते झाकून ठेवा. मला वाटलं, मी झाकून ठेवायचं म्हणजे तोवर हिला मोकळं रान.

आणि सगळ्यांत वाईट ती गोष्ट तिनं शेवटी सांगितली. अर्जात सगळं लिहायचं असतं. इतकं, की या धंद्यातल्या कुठल्याही माणसानं वाचून तसंच अवजार करावं. आणि सरकार ते दीड वर्षानं सगळ्यांना वाचायला छापतं.

"थांबा, बाई. मी लपवायला तुमच्याकडं आलो. तुमी म्हणताय गावभर दवंडी पिटा?"

"दवंडी तुमच्या नावानं पिटायची. त्याच्या बदल्यात अर्जाच्या दिवसापासून वीस वर्षं दुसऱ्या कुणाला ते करता येणार नाही. लपवलेल्या वस्तूवर सरकार नाव लावत नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती तेलुगूत बोलायला लागली. मी कान टवकारले. मिलमध्ये निम्मी माणसं तेलुगू बोलायची, मला थोडं कळतं. नळाला पाणी आलं का, एवढंच ती आईला विचारत होती. तरी मी रस्त्यात सुनेला म्हणालोच, "पाणी म्हंजे खुणेचा शब्द नसंल कशावरनं?" सून पुढं चार पावलं निघून गेली.

आता मी काय केलं ते सांगतो. ते माझ्या वस्तादाकडून आलेलं आहे. मिलमध्ये मला ज्यानं काम शिकवलं तो मोठा कारागीर होता. सगळं दाखवायचा, पण मशीन शेवटचं लावायची वेळ आली की सगळ्यांना बाहेर काढायचा. कुणाला चहाला पाठवायचा, कुणाला उगाच स्टोअरात. दार उघडायचा तेव्हा मशीन चालू. मरेपर्यंत त्यानं ते कुणाला दाखवलं नाही, आणि आम्ही त्याला नावं ठेवली नाहीत. कारागिरानं एक कळ हातात ठेवायची, ही आमची रीत. ज्यानं सगळं दिलं त्याला उद्या कोण विचारतंय?

तेव्हा बाई शेडमध्ये अवजार बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी तिरक्या खाचेची नळी काढून सुताच्या पोत्यात गुंडाळली आणि लेथखाली ढकलली. तशाच मापाची दुसरी नळी केली, तिला सरळ खाच पाडली आणि ती अवजारावर चढवली. खाच सोडली तर दिसायला तंतोतंत. बाई आली, मापं घेतली, मोबाइलवर फोटो काढले. "शाळू काढताना दाखवता का?" म्हणाली. मी म्हणालो, रान अजून हिरवं आहे. ते खोटंही नव्हतं.

आठवड्यानं तिनं अर्जाचा मसुदा पाठवला आणि ऑफिसात बोलावलं. संगणकावर माझं अवजार गरगर फिरत होतं, आत काय आहे तेही दिसत होतं. ते त्या काचेत जाऊन बसलेलं मला बघवेना. पण खाच सरळ होती. मी मनातल्या मनात वस्तादाला नमस्कार केला.

"काका," बाई म्हणाली, "मला एक शंका आहे. परवा शेडवर येते. अवजार परत हातात घ्यायचंय."

ती आली तेव्हा सून आणि मंडळीही शेडमध्येच होत्या. बाईनं अवजार बाकड्यावर आडवं ठेवलं, दांडा थोडा सरकवला आणि पिनेवरचं ग्रीस तिच्याच रुमालानं पुसलं. बराच वेळ बघत राहिली. मग बोट ठेवलं.

"ही पिन एकाच बाजूनं घासलीय. चकाकतेय बघा. सरळ खाचेत पिनेला जोरच येत नाही, ती घासायचं कारण नाही. हिला कुणीतरी महिनोन्‌महिने एका कुशीवर दाबत नेलंय." ती माझ्याकडं वळली. "काका, ही नळी हिची नाही."

 नळी बदलली आणि पिन तशीच ठेवली. चाळीस-पन्नास वर्षं लोखंडात काढलेल्या माणसानं ही चूक करावी? आणि ती या पोरीनं रुमालानं पुसून काढावी? राग आला तो तिचाच आला.

"मशीन माजं. मी सांगतो ती नळी."

"मग मला खरी दाखवा."

"हीच खरी. तुमाला आणि काय पायजे? कुणी पाठिवलंय तुमाला?"

"मामा, काय बोलताय," सून म्हणाली.

बाईनं आवाज चढवला नाही. मोबाइल माझ्यासमोर धरला, एकेक फोटो पुसून दाखवला. "काका, अर्धवट लिहून दिलं तर उद्या कुणीही उभा राहील आणि म्हणेल, ह्या कागदावरून हे अवजार चालतच नाही. पेटंट जाईल, आणि तोवर अवजार विकून तुमचं गुपित बाजारात आलेलं असेल. असल्या अर्जावर मी माझं नाव घालत नाही. हा मसुदा तुमचा, ठेवा." मंडळींना वाकून नमस्कार केला आणि ती गेली.

मी सुनेला म्हणालो, "बगितलं? पकडली तशी पळाली." सुनेनं मसुदा उचलून पिशवीत घातला. पण माझ्याच डोक्यात काहीतरी बसेना. चोर माल टाकून जातो का? आणि फोटो पुसून? का हे सगळं फोटो आधीच संगणकात असल्यामुळं?

 तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाकरी करता करता मंडळी म्हणाली, "त्या कागदात लिवलंय तरी काय? वाच की गं."

सून चुलीजवळ बसून वाचायला लागली. माझं नाव, गाव, मग अवजाराचं वर्णन. "...हँडल उचलल्यावर दांडा खाचेतून सरळ रेषेत वर येतो व चिमट्यात पकडलेले ताट सरळ वर ओढले जाऊन मुळासकट निघते."

मंडळीनं भाकरी थापायची थांबवली. "सरळ?"

"सरळ."

"मग मोडंल की ते! समदं धसकट रानात." तिला हसू आवरेना. "अवं, हे सरकारदप्तरी लागनार तुमच्या नावानं? लोक वाचून म्हनतील, म्हाताऱ्यानं जन्मात शाळू उपटला न्हाय."

"तुला काय कळतंय? ती कळ लपिवली हाय."

"कुणापासनं?" पिठाचा हात तिनं माझ्यापुढं धरला आणि मनगट फिरवून दाखवलं. "ही व्हय तुमची कळ? पंचक्रोशीतल्या समद्या बायकास्नी येती. माजी आई अशीच उपटायची. तुमी माज्या हाताकडं बगून चोरली, आन आता त्या बाईला चोर म्हनताय."

सून मान खाली घालून हसत होती. मी जेवण न करता बाहेर येऊन बसलो.

खरं सांगतो, त्या बाईवर माझा विश्वास बसला म्हणून मी परत गेलो नाही. मला ते दुसरंच सलत होतं. सरकार छापणार, वीस वर्षं ते राहणार, कोण कुठला इंजिनेर ते वाचणार, आणि माझ्या नावाखाली न चालणारं अवजार. माझ्या हातचं एक काम परत आलेलं नाही, आणि हे असं कायमचं टांगून ठेवायचं? चोरीला गेलं तर निदान चांगलं म्हणून जाईल.

दुसऱ्या दिवशी पोत्यात गुंडाळलेली नळी काखेत मारली आणि एकटाच सात रस्त्याला गेलो. जिना चढून नळी तिच्या टेबलावर ठेवली.

"ही हिची," मी म्हणालो. "फोटू काडायच्या आधी त्या तीन पानी कागदावर माज्यासमोर परत सही करा. आजची तारीख घाला."

तिनं केली. मग नळी उचलली, खाचेवरून बोट फिरवत नेलं, आणि तिच्या तोंडून तेलुगूत काहीतरी निघालं. "फार छान" अशा अर्थाचं होतं. ते मला कळलं हे मी तिला कळू दिलं नाही.

"तिरकेपणा किती अंशांचा?"

"अंश मला म्हाईत न्हाय. कागदाची पट्टी नळीला तिरकी गुंडाळायची, खालनं वरपातुर जाईस्तोवर पाव वेढा झाला पायजे. पट्टीच्या कडेनं खूण करायची."

"पाव वेढ्यापेक्षा कमी केलं तर?"

"मूळ सुटत न्हाय."

"अर्धा केला तर?"

"ताटाला पीळ पडून कडबा फाटतो. पयल्या तीन नळ्या तशा वाया घालिवल्यात मी."

"त्या कुठं आहेत?"

ती विचारत गेली आणि मी सांगत गेलो. दोन वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून असेल. मग तिनं विचारलं, "समजा एखाद्यानं खाच नळीला न पाडता दांड्याला पाडली आणि पिन नळीला लावली, तर?"

मी मनातल्या मनात तशी नळी जोडून बघितली. तसं केलं तरी चिमटा तसाच पिळणार. हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या हिरव्या रंगवाल्याच्या मात्र आलं असतं.

"मग तेही लिहू," ती म्हणाली. "खाच कुठंही असो, पीळ तुमचाच."

दुपारपर्यंत मसुदा नवा झाला. तिनं मला मराठीत वाचून दाखवला. जिथं चुकलं तिथं मी थांबवलं, तिनं दुरुस्त केलं. शेवटी सगळे कागद माझ्यापुढं ठेवले. "काका, सही करायच्या आधी विचारते. तुम्हाला ठाऊक असलेली सगळ्यांत चांगली रीत ह्यात आली का? अजून काही मागं ठेवलंय?"

"न्हाय," मी म्हणालो आणि सह्या केल्या. मोठ्या अक्षरात, जोडाक्षर न चुकवता.

पिशवी उचलून जिना उतरलो. खाली पानपट्टीजवळ रिक्षाला हात केला, रिक्षा थांबली. रिक्षावाला म्हणाला, "बसा की, मामा." मी उभाच.

एक राहिलं होतं. चिमट्याचे दात. मातीत घासून ते बोथट होऊ नयेत म्हणून मी ते लाल करून बुडवतो, पण पाण्यात नाही. पाण्यात बुडवले की दात तडकतात. मी करडईच्या तेलात बुडवतो, कोमट करून. वस्तादानं हे मला सांगितलेलं नाही, हे माझं मी शोधलेलं आहे. ते कागदात नव्हतं. एवढं तरी असावं हातात, असं वाटलं होतं. पण हे न वाचता जो कुणी दात करील त्याचे दात पहिल्याच वाफ्यात तुटतील, आणि वर नाव माझंच.

"जा बाबा तू," रिक्षावाल्याला म्हणालो आणि परत जिना चढलो. गुडघ्यानं दोनदा थांबवलं.

बाईनं दारातच विचारलं, "काय विसरलं?"

"इसरलं न्हाय. ठिवलं हुतं."

मी करडईच्या तेलाचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, तेल किती गरम, दात किती लाल, किती वेळ. मग माझ्या सह्यांचे कागद उचलले आणि मधोमध फाडले. "परत छापायला लागतील. परत सह्या. वेळ आहे ना?"

"हाय."

"मग आता तरी चहा घ्या."

या खेपेला मी घेतला. प्रिंटरमधून एकेक पान निघत होतं आणि मी खुर्ची पुढं ओढून बसलो होतो. पानं किती येतात ते मोजत होतो, आणि नजर तिच्या हातांवरून हलू दिली नाही.